माणूस कोणत्या वयात घडतो? एरिक्सनच्या आठ पायऱ्या, विशुद्धिमग्गाची दहा दशके आणि आपले घर



आजचा पाठ कोणत्याही एका सुत्तावर नाही. माणसाचे मन जन्मापासून म्हातारपणापर्यंत कसकसे बदलत जाते, याबद्दल मानसशास्त्र काय म्हणते आणि ते आपल्या घराला कितपत लागू पडते, हे आपण पाहणार आहोत. मी मानसशास्त्रज्ञ नाही. शिक्षणाने इंजिनिअर आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरवाला आहे. हा विषय वाचायला घेतला तो गरजेपोटी. इंग्लंडमध्ये वाढणारी आपली मुले, चाळिशीतले आपण आणि नागपूर, नांदेड, मुंबईकडे राहिलेले आपले आईवडील हे एकाच वेळी आयुष्याच्या तीन वेगळ्या वळणांवर उभे आहेत. तिघांची गाठ पडते ती आपल्याच घरात, किंवा फोनच्या पडद्यावर. कोण कुठल्या वळणावर आहे हे ओळखता आले, तर निदान वाद तरी योग्य विषयावर होतील.

आठ पायऱ्या

या विषयात एरिक एरिक्सन हे नाव टाळता येत नाही. १९५० साली त्यांचे ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ हे पुस्तक आले. तोपर्यंत फ्रॉइडच्या प्रभावाखाली अशी समजूत होती की माणसाचा स्वभाव पहिल्या पाच-सहा वर्षांतच जवळपास ठरून जातो. एरिक्सन म्हणाले की घडण तिथे थांबत नाही, ती शेवटपर्यंत चालते, आणि भोवतालच्या समाजाशी होणाऱ्या देवाणघेवाणीतून चालते. त्यांनी आयुष्याचे आठ टप्पे मांडले. प्रत्येक टप्प्यावर माणसापुढे एक पेच उभा राहतो. तान्ह्या बाळाचा पेच विश्वासाचा: रडलो की कुणी येते का? दोन-तीन वर्षांचे मूल स्वतःच्या हाताने करू पाहते, नाहीतर लाजून मागे सरते. बालवाडीच्या वयात पुढाकार घ्यायचा, की त्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचे? साधारण सहा ते बारा या वयात प्रश्न असतो, ‘मला हे जमते का?’ जमले तर कामाची गोडी लागते, नाही तर न्यूनगंड येतो. किशोरवयात ‘मी कोण?’ तारुण्यात जवळीक की एकटेपण. मधल्या वयात पुढच्या पिढीसाठी काही घडवायचे की साचून राहायचे. आणि म्हातारपणी मागे वळून पाहताना आपले आयुष्य आपले म्हणून स्वीकारता येते, की हताशा येते.

एरिक्सन यांचे स्वतःचे आयुष्य पाहिले की ‘मी कोण?’ या प्रश्नाला त्यांनी एवढे महत्त्व का दिले ते कळते. १९०२ साली जर्मनीत फ्रँकफर्टला त्यांचा जन्म झाला. आई डॅनिश ज्यू. जन्मदाता कोण हे त्यांना कधीच कळले नाही. सावत्र वडिलांचे होमबर्गर हे आडनाव लावून ते वाढले. ज्यू मुले त्यांना सोनेरी केसांवरून चिडवत, आणि शाळेतली मुले ज्यू म्हणून. १९३३ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि १९३९ मध्ये तिथले नागरिकत्व घेताना ‘एरिक्सन’ हे आडनाव त्यांनी स्वतःच घेतले. शाळेच्या दाखल्यावरचे आडनाव बदललेल्या आपल्या घरांना ही गोष्ट परकी वाटू नये.

माझ्या व्यवसायात ‘वॉटरफॉल’ नावाची एक जुनी कार्यपद्धत आहे. आधी सगळ्या मागण्या लिहायच्या, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी. एका टप्प्यावर सही झाली की मागे फिरायचे नाही. एरिक्सनच्या पायऱ्या पुष्कळदा अशाच शिकवल्या जातात: ‘मी कोण’ हा प्रश्न अठराव्या वर्षी सुटला, फाइल बंद. एरिक्सनना तसे म्हणायचे नव्हते. आठही पेच माणसात आयुष्यभर असतात. त्या त्या वयात एकेक पुढे येतो, एवढेच. नोकरी गेलेल्या पन्नाशीच्या माणसाला ‘मला जमते का’ हा सहावीतल्या मुलाचा प्रश्न पुन्हा गाठतो. देश बदललेल्या माणसाला ‘मी कोण’ हा प्रश्न पुन्हा पडतो, मग त्याच्या हातात कितीही पदव्या असोत.

आश्रम आणि दशके

भारतीय वाचकाला आयुष्याचे टप्पे म्हटले की चार आश्रम आठवतात. ही तुलना मानसशास्त्रातही झालेली आहे. एरिक्सनसोबत काम केलेले मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी १९६८ मध्ये एरिक्सनच्या पायऱ्या आणि आश्रमव्यवस्था शेजारी-शेजारी ठेवून एक निबंध लिहिला. तुलना विचार करायला लावणारी आहे. पण बाबासाहेबांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये आश्रमांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, ते वाचल्यावर ती तशीच गिळता येत नाही. त्यातला एक मुद्दा अगदी साधा आहे. ब्रह्मचर्याश्रमात शिरायला उपनयन लागते. शूद्राला उपनयन नाही, स्त्रीलाही नाही. म्हणजे आश्रमधर्म त्यांना लागूच नाही. पहिल्याच पायरीवर पाय ठेवू दिला नाही, तर पुढच्या तीन पायऱ्यांची चर्चा कुणासाठी? ज्याने आठव्या वर्षी ढोरे वळली आणि साठाव्या वर्षीही तेच केले, त्याच्या आयुष्याला या योजनेत टप्पेच नाहीत.

म्हणून माणसाच्या आयुष्याचे टप्पे कुणी सांगू लागले की आधी विचारावे, नेमक्या कुणाच्या आयुष्याचे? हा प्रश्न एरिक्सनलाही लागू आहे. भारतात त्यांनी अभ्यासासाठी निवडले ते गांधींना. अहमदाबादच्या १९१८ च्या गिरणी संपावरचे त्यांचे पुस्तक १९६९ मध्ये आले. बाबासाहेबांचे आयुष्य त्यांच्या चौकटीत बसवून पाहण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

आपल्या परंपरेतही वयाची वाटणी आहे, आणि ती आपल्यापैकी थोड्याच जणांनी वाचली असेल. पाचव्या शतकात श्रीलंकेत, अनुराधपूरच्या महाविहारात, आचार्य बुद्धघोषांनी ‘विशुद्धिमग्ग’ लिहिला. त्याच्या विसाव्या परिच्छेदात शंभर वर्षांच्या आयुष्याची दहा दशके पाडली आहेत. पहिले मंददसक, कोवळ्या चंचल बाळाचे. दुसरे खिड्डादसक, खेळण्याचे. तिसरे वण्णदसक, रूप बहरण्याचे. चौथे बलदसक, ताकदीचे. पाचवे पञ्ञादसक, म्हणजे चाळीस ते पन्नास: स्वभावतः मंद बुद्धीच्या माणसालाही या काळात थोडी समज येते, असे आचार्य सांगतात. (माझे हेच दशक चालू आहे. वाचून बरे वाटले. घरातून मात्र अद्याप दुजोरा मिळालेला नाही.) सहावे हानिदसक, जिथून खेळ, रूप, बळ, समज सगळेच ओसरू लागते. मग शरीर पुढे झुकण्याचे पब्भारदसक, नांगरासारखे वाकण्याचे वंकदसक, विसरण्याचे मोमूहदसक आणि शेवटी अंथरुणाला खिळण्याचे सयनदसक.

आता बाबासाहेबांचे आयुष्य यावर ठेवून पाहा. जन्म १४ एप्रिल १८९१. म्हणजे त्यांचे हानिदसक १९४१ ते १९५१. मधुमेह, पायांचे दुखणे, ढासळती प्रकृती हे सगळे त्या दशकाला शोभेसेच आहे. पण व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूरमंत्रिपद, संविधान आणि हिंदू कोड बिल हेही याच दहा वर्षांतले! शरीराचा आलेख आणि माणसाच्या कामाचा आलेख एकच नसतो. तथागतांचेही तसेच. ऐंशीव्या वर्षी त्यांनी आपल्या शरीराला डागडुजी करून कसेबसे चालणाऱ्या जुन्या गाडीची उपमा दिली, आणि त्यानंतरही ते वेसालीहून कुसिनाऱ्यापर्यंत चालत, शिकवत गेले.

बुद्धघोषांनी ही वाटणी कशासाठी केली, ते महत्त्वाचे आहे. दहा दशकांवर ते थांबत नाहीत. पुढे पाच-पाच वर्षांचे वीस भाग करतात, मग चार वर्षांचे, तीनचे, दोनचे, एकेका वर्षाचे. मग ऋतू, पंधरवडे, दिवस आणि रात्र. आणि शेवटी चालताना टाकलेल्या एका पावलाचे सहा भाग. आमच्या भाषेत सांगायचे तर मोजणीचे अंतर ते कमी-कमी करत नेतात, आणि प्रत्येक अंतरावर तेच आढळते: पहिल्या दशकातले रूप तिथेच संपले, ते दुसऱ्यात पोचलेच नाही. उचललेल्या पावलातले रूप टेकवलेल्या पावलात पोचले नाही. हा अनिच्चाचा अभ्यास आहे. त्यात ‘या वयात हे कर, ते तुझे कर्तव्य’ असा हुकूम नाही, आणि कुणाला दाराबाहेरही ठेवलेले नाही. दासीच्या मुलाचेही पहिले दशक मंददसकच, आणि राजाच्या मुलाचेही.

सहा ते बारा: ‘मला जमते का?’

आता आपल्या घरात येऊ. मला सगळ्यात जास्त प्रश्न या वयाबद्दल पडतात, कारण जात नावाची गोष्ट मुलाच्या कानावर पहिल्यांदा याच वयात पडते.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी आपल्या नवव्या वर्षीचा प्रवास सांगितला आहे. ते, त्यांचे थोरले भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांकडे जायला निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. नवे कपडे, टोप्या, हातात पैसे. स्टेशनमास्तर आधी प्रेमाने बोलले, आणि मुले महार आहेत हे कळताच मागे सरले. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, मुलांनीच बैल हाकायचे आणि गाडीवानाने पायी चालायचे, अशी अट ठरली. बरोबर जेवण होते, पण वाटेत पाणी कुणी दिले नाही.

एरिक्सनच्या चौकटीत हे वय कर्तबगारीचे. या मुलांना तर सगळे जमत होते: मोठ्या माणसाशिवाय रेल्वेचा प्रवास केला, सौदा केला, बैल हाकायची तयारी दाखवली. ‘तुम्ही कमी आहात’ हा निकाल त्यांच्या कर्तबगारीवर लागलाच नव्हता. तो जन्मावर लागला होता. अभ्यास करून, कपडे स्वच्छ ठेवून तो बदलणार नव्हता. माझ्या मते एरिक्सनच्या चौथ्या पायरीला आपल्या इतिहासाने घातलेली ही मोठी दुरुस्ती आहे. न्यूनगंड अपयशातूनच येतो असे नाही. यशस्वी मुलाच्या हातातही तो बाहेरून ठेवला जातो.

याच गोष्टीचा पुरावा अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या दांपत्याने १९४० च्या दशकात गोळा केला. दोघांनीही मानसशास्त्रातली पीएच.डी. घेतली ती कोलंबिया विद्यापीठातून, जिथे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले. रंग सोडून बाकी सारख्या असलेल्या बाहुल्या त्यांनी लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे ठेवल्या आणि विचारले, चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती. बहुसंख्य मुलांनी गोऱ्या बाहुलीला चांगले म्हटले. काही मुले ‘तुझ्यासारखी कोणती’ या प्रश्नाला रडू लागली. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ‘ब्राउन’ खटल्याच्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख केला.

मग आपल्या मुलाला जातीबद्दल केव्हा आणि कसे सांगायचे? इथे ब्रिटनमधल्याच एका बाईंचे काम उपयोगी पडते. स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या विचारशक्तीचे टप्पे पाडले होते: सातपर्यंत मुलाला दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहता येत नाही, सात ते अकरा हाताला लागणाऱ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर तर्क करता येतो, आणि अमूर्त कल्पनांशी खेळता येते ते त्यानंतर. एडिंबरा विद्यापीठाच्या मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ मध्ये ‘चिल्ड्रन्स माइंड्स’ या पुस्तकात दाखवले की यात गोम प्रश्न विचारण्यात आहे. पियाजेंच्या डोंगरांच्या प्रतिकृतीसमोर गोंधळणारे चार वर्षांचे मूल, ‘पोलिसाला दिसणार नाही असे या बाहुलीला भिंतीमागे लपव’ म्हटले की बरोबर लपवते. लपाछपीचा अर्थ त्याला कळतो. प्रश्नाला माणसाच्या व्यवहारातला अर्थ असला की मूल आपण समजतो त्याच्या पुढे असते.

म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाला ‘वर्णव्यवस्था’ सांगू नका, आणि त्याला काही कळत नाही म्हणून गप्पही बसू नका. ‘सगळ्यांना तहान लागली होती, एकालाच पाणी दिले नाही’ हे त्याला पुरते कळते. खेळाच्या मैदानावर तो रोज याच न्यायनिवाड्यात असतो. तो विचारेल, बाबासाहेबांकडे पाण्याची बाटली नव्हती का? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. बाटली होती की नाही यावरून विहीर, पाणवठा, दुसऱ्याने वरून ओतलेले पाणी, सगळे सांगता येते. आठ-नऊच्या मुलाला महाडच्या तळ्याचा नकाशा काढू द्या: तळे कुठे, सभा कुठे, लोक कुठून कुठे चालत गेले. २० मार्च १९२७ ही तारीख त्याच्या लक्षात राहील. ‘जातीचे उच्चाटन’ बारा-तेराच्या पुढे.

आणखी एक. सहा ते बारा या वयात फक्त अपमानाच्या गोष्टी सांगू नयेत, असे माझे मत बनले आहे. क्लार्क यांच्या बाहुल्या डोळ्यांपुढे ठेवून विचार करा. ज्या वयात मूल ‘मला जमते का’ हे तपासत असते, त्या वयात ‘आपल्याला असे वागवत’ एवढेच त्याच्या वाट्याला आले तर ते कुठली बाहुली उचलेल? मसूर स्टेशन सांगितले की त्याच बैठकीत लंडनही सांगावे: १९२० ते १९२३ दरम्यान काही काळ प्रिमरोझ हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची पदवी आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी पूर्ण करणारा तरुण. ते घर आता स्मारक आहे. मुलाला घेऊन जाता येते, जिन्यावरून चढता येते.

काही घरे अजिबात सांगत नाहीत. ‘इथे जात नाही, कशाला डोक्यात घालायचे?’ त्यामागची माया मला कळते. पण शाळेत दक्षिण आशियाई मुले असतील तर आडनावावरून प्रश्न येऊ शकतो, आणि तो चौदाव्या वर्षी परक्याच्या तोंडून आला तर मुलाला दोन धक्के बसतात: एक जातीचा आणि एक आईबाबांनी लपवल्याचा. शाळेच्या ऑफिसलाही हा विषय ठाऊक असेलच असे नाही. २०१० च्या समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याची वाट ठेवली होती, २०१३ मध्ये संसदेने ते सरकारवर बंधनकारक केले, आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने तसे करणार नाही असे जाहीर केले. तेव्हा नीट शब्दांत सांगण्याची जबाबदारी पुन्हा मुलाच्याच अंगावर येते, आणि ते शब्द त्याला घरातूनच मिळायला हवेत.

‘मी कोण?’ आणि एकवीस वर्षे

तेरा-चौदाची मुलगी म्हणते, ‘मी बुद्धिस्ट आहे की नाही मला माहीत नाही.’ आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. तो का येतो हे दुसऱ्या कुणाला समजावणे अवघड आहे. आपल्याकडे हा शब्द आजी-आजोबांनी किंमत मोजून मिळवलेला आहे. मुलगी तो टेबलावर सोडून उठून जाते आहे असे वाटते.

मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये एरिक्सनची ही पाचवी पायरी आणखी उकलून दाखवली. त्यांनी दोनच गोष्टी तपासल्या: या मुलाने पर्याय धुंडाळले आहेत का, आणि त्याने एखाद्या गोष्टीशी बांधिलकी पत्करली आहे का. न धुंडाळता आईवडिलांचेच उत्तर उचलले तर ती वेळेआधी बंद झालेली ओळख. ना शोध ना बांधिलकी, तर विखुरलेली. शोध चालू आहे पण निर्णय नाही, तर तो थांबा, शोधकाळ. आणि शोधानंतर पत्करलेली ती कमावलेली ओळख. ‘माहीत नाही’ म्हणणारी मुलगी बहुधा तिसऱ्या अवस्थेत असते. आपल्याला मात्र ती दुसऱ्या अवस्थेत गेली असे वाटते, आणि घाईघाईने तिला पहिलीत ओढायचा प्रयत्न आपण करतो.

आता हीच चौकट बाबासाहेबांना लावा. १३ ऑक्टोबर १९३५, येवला. हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा. वय ४४. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. वय ६५. मध्ये एकवीस वर्षे आणि एक दिवस. या काळात त्यांच्याकडे अनेक धर्मांचे लोक आले, त्यांनी ग्रंथ वाचले, तुलना केली, टीका ऐकली. काय नको ते ठरले होते. काय हवे ते पूर्ण पारखून घ्यायचे होते. मार्शियांच्या भाषेत हा एकवीस वर्षांचा शोधकाळ आहे. आणि आपण आपल्या मुलीला दोन वर्षे द्यायला तयार नाही! केसमुत्ति गावच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले ते आपण धम्मवर्गात मोठ्या अभिमानाने शिकवतो. घरात कुणी ते खरेच करू लागले की आपल्याला घाम फुटतो.

इथे एक अडचणीचा प्रश्न उरतो, आणि तो मला टाळायचा नाही. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जे लाखो लोक उभे होते, त्यांच्यापैकी किती जणांनी धर्मांची तुलना केली होती? पुष्कळांनी बाबासाहेबांवर विश्वास ठेवून पाऊल उचलले. मार्शियांच्या तक्त्यात हे ‘वेळेआधी बंद’ या रकान्यात जाईल. मला तसे वाटत नाही. कारण त्यांच्या बाबतीत काम सुरू झाले ते त्या दिवसानंतर. बावीस प्रतिज्ञा घेऊन घरी गेलेल्या माणसाला देव्हाऱ्याचे काय करायचे, लग्न कुठल्या पद्धतीने लावायचे, गावातली पूर्वापार कामे सोडायची का आणि सोडली तर खायचे काय, हे सगळे एकेक करून ठरवावे लागले. साठीची म्हातारी आणि मांडीवरचे नातवंड यांना एकाच दिवशी नवे नाव मिळाले, पण म्हातारीने ते पुढच्या दहा-वीस वर्षांत रोजच्या निर्णयांतून आपले केले. बांधिलकी आधी आणि शोध नंतर, असेही होऊ शकते, हे मार्शियांच्या तक्त्यात नाही.

तेव्हा मुलीपुढे दोन वाटा ठेवता येतात: बाबासाहेबांची आणि त्या म्हातारीची. वंदनेला बसायचे की नाही यावर भांडण्याऐवजी तिला काय पटत नाही ते विचारा. पुनर्जन्म पटत नसेल तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची प्रस्तावना तिच्या हातात द्या. बाबासाहेबांनी त्यात चार कठीण प्रश्न स्वतःच मांडले आहेत. पहिलाच प्रश्न असा, की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा, आजारी आणि मृत माणूस पाहिलाच नव्हता, हे कसे पटावे? त्यांच्या मते सिद्धार्थाने घर सोडले ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या वादापायी. चौदाव्या वर्षी असे प्रश्न आवडतात.

मधले वय आणि म्हातारपण

‘मिडलाइफ क्रायसिस’ हा शब्द लंडनमध्येच काम करणाऱ्या एलियट जॅक यांनी १९६५ च्या एका निबंधात रूढ केला. त्यांनी त्यासाठी शेकडो चित्रकार, कवी, संगीतकार यांची चरित्रे तपासली होती. पुन्हा तोच प्रश्न: कुणाची आयुष्ये? चाळिशीत ‘आता मृत्यू दिसू लागला, माझ्या स्वप्नांचे काय’ असे वाटायला आधी स्वप्नांना मोकळीक मिळालेली असावी लागते. आपल्या आईवडिलांच्या पिढीला चाळिशीत ते परवडले नाही. त्यांना मुलांच्या फीचा पेच होता. आपल्याला तो पेच परवडतो, ही त्यांचीच कमाई.

पण या वयाची आपली खरी अडचण निराळी आहे. एरिक्सन म्हणतात, मधल्या वयात माणूस पुढच्या पिढीकडे वळतो. आपल्याला त्याच वेळी मागच्या पिढीकडेही वळावे लागते, आणि ती साडेचार हजार मैलांवर आहे. जुलै २०१२ पासून वृद्ध आईवडिलांना इथे कायमचे आणण्याचे नियम इतके कडक झाले आहेत की बहुतेकांसाठी ती वाट बंदच आहे. आजार किंवा अपंगत्वामुळे रोजच्या कामांना दुसऱ्याचा हात लागतो आणि ती काळजी भारतात मिळूच शकत नाही, असे सिद्ध करावे लागते. उरतो सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा. सिगालोवाद सुत्तातले आईवडिलांविषयीचे पहिलेच कर्तव्य, ज्यांनी पोसले त्यांना पोसावे, हे बँकेच्या ॲपवरून अंशतःच पार पडते.

आठव्या पायरीवरच्या माणसाला पैशापेक्षा आणखी एक गोष्ट लागते: ऐकणारा कान. एरिक्सन यांच्या पत्नी जोन या त्यांच्या कामात बरोबरीच्या सहकारी होत्या. १९९४ मध्ये एरिक्सन वारल्यावर, १९९७ च्या आवृत्तीत त्यांनी नववी पायरी जोडली, ऐंशी-नव्वदीची. तिथे पहिल्यापासूनचे सगळे पेच उलटून परत येतात, असे त्यांनी मांडले. शरीरावरचाच विश्वास उडतो, साध्या गोष्टींसाठी लाजावे लागते. फोनवर तीच गोष्ट चौथ्यांदा सांगणारे बाबा वेळ खात नसतात. आपले आयुष्य एकसंध होते का, ते जोडून पाहत असतात. तेव्हा ‘हे सांगितलेत तुम्ही’ म्हणण्यापेक्षा पुढचा प्रश्न विचारावा.

१९५६ मध्ये दहा वर्षांचे असलेले लोक आज ऐंशीच्या घरात पोचले आहेत. तुमच्या घरात असे कुणी असेल, तर हे काम मुलांकडे द्या. प्रश्न छोटे आणि हाताला लागणारे असावेत: नागपूरला कसे गेलात, चालत की रेल्वेने? पांढरे कपडे कुठून आणले? बरोबर खायला काय होते? घरी परतल्यावर भिंतीवरून काय काढले आणि काय लावले? शेजारचे काय म्हणाले? आजीचे बोलणे मुलाला पूर्ण कळले नाही तरी चालेल, तुम्ही शेजारी बसून अर्थ सांगा. बोलणे फोनवर रेकॉर्ड करा आणि फाइलला नाव देताना तारीख आणि गावाचे नाव घाला, नाहीतर पाच वर्षांनी काहीच सापडत नाही. हिवाळ्यात इथून रविवारी सकाळी दहाला फोन लावला तर तिकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात; जेवण, वामकुक्षी आटोपून चहाची वेळ झालेली असते.